बारमाही टायर आणि मुंबईचा पाऊस

घरच्या मोटारीचे टायर बदलायची वेळ आली, की ‘ऑल सीझन’ म्हणजे बारमाही टायर घ्यावेत का, असा प्रश्न निघतो. हे नाव थंड देशांतले. तिकडे तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. म्हणून हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात. बारमाही टायर ही त्या दोहोंमधली तडजोड. आता मुंबई पाहा. सांताक्रूझच्या वेधशाळेतील आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चे! आपल्याला ऋतू एकच सांभाळायचा आहे, तो म्हणजे पावसाळा.

कोरड्या रस्त्यावर तुळतुळीत टायरही उत्तम पकड देतो. शर्यतीच्या मोटारींना तसेच टायर लावतात. चर कोरलेले असतात ते पाण्यासाठी. समजा, रात्री लालबागच्या उड्डाणपुलावर ३ मिलिमीटर पाणी आहे, टायरची रुंदी १६५ मिलिमीटर आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर आहे. या तिन्हींचा गुणाकार करा. पुढच्या प्रत्येक चाकाला दर सेकंदाला सुमारे सव्वाआठ लिटर पाणी बाजूला सारावे लागते! चर झिजलेले असले, की हे पाणी चाकापुढे तुंबते आणि त्याचा दाब वाढतो. तो टायरमधील हवेच्या दाबाइतका झाला, की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. मग ब्रेक दाबून उपयोग काय? घर्षणच उरलेले नसते.

हा वेग काढता येतो. वेगाच्या वर्गाला पाण्याच्या घनतेने गुणून निम्मे केले, की पाण्याचा दाब मिळतो. हवेचा दाब ३२ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल धरला, तर उत्तर सेकंदाला २१ मीटर, ताशी सुमारे ७५ किलोमीटर येते. ‘नासा’तील वॉल्टर हॉर्न यांचे प्रयोगांवर आधारलेले सूत्र ९४ सांगते, कारण पाण्याचा सगळा रेटा चाक उचलण्यात खर्ची पडत नाही. पावसात पकड वाढावी म्हणून काही जण हवा कमी करतात, ते मात्र उलटेच! दाब पाऊणपट केला, तर आपल्या हिशेबातले ७५ किलोमीटर ६५ वर येतात. (हिंदमाताजवळ गुडघाभर पाणी साचले, की कोणताच टायर उपयोगाचा नाही, तेथे होडीच बरी.)

तेव्हा टायर निवडताना नावापेक्षा चर पाहावेत. रुंद, सरळ, टायरभर फिरणारे चर पाणी लवकर वाहून नेतात. चरांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात; टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बाद. माझ्या मते मुंबईकराने तिथवर थांबू नये. जूनपूर्वी खोली ३ मिलिमीटरच्या आत आली असेल, तर टायर बदलावा. शाळेतील व्हर्निअर कॅलिपरच्या टोकाशी बाहेर येणाऱ्या पट्टीने ही खोली तुम्हीच मोजा.

गिरगावात चाळीपुढे आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे दुखणे निराळे. तिचे चर खोल दिसतात, पण ऑक्सिजन व ओझोनमुळे रबर कडक होत जाते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत रुतेनासे होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराने ‘नवा’ म्हणून दिलेल्या टायरवरही ते वाचून घ्यावेत.