जॉन्सन, नोबल
(१८ एप्रिल १८८१–९ जानेवारी १९७८). अमेरिकन कृष्णवर्णीय चरित्र-अभिनेता व चित्रपटनिर्माता. जन्म मिसूरी राज्यातील मार्शल येथे. बालपण कोलोरॅडो स्प्रिंग्झ येथे गेले. मूकपटांच्या काळात त्याने चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. भारदस्त शरीरयष्टी व उजळ वर्ण यांमुळे त्यास विविध वंशांच्या व्यक्तिरेखा मिळाल्या. द मोस्ट डेंजरस गेम (१९३२) मधील गोरा कोसॅक सेवक, द ममी (१९३२) मधील न्यूबियन, किंग काँग (१९३३) मधील टोळीप्रमुख व शी वोअर अ येलो रिबन (१९४९) मधील अमेरिकन इंडियन योद्धा या त्यांपैकी काही होत. मात्र स्वसमाजातील सुशिक्षित, कर्तबगार माणूस रंगविण्याची संधी हॉलिवुडने त्यास दिली नाही. त्यासाठी १९१६ मध्ये त्याने इतरांसमवेत लिंकन मोशन पिक्चर कंपनी स्थापन केली. द रिअलायझेशन ऑफ अ नीग्रोज अँबिशन (१९१६) ह्या तिच्या पहिल्या चित्रपटात तो नायक होता. त्याचा बंधू जॉर्ज ह्याने ओमाहा येथील टपाल खात्यातील नोकरी सांभाळून वितरणाचे काम पाहिले. तथापि युनिव्हर्सल कंपनीच्या दबावामुळे १९१८ मध्ये जॉन्सनला लिंकन कंपनी सोडावी लागली आणि पुढे ती बंद पडली. १९५० पर्यंत तो दुय्यम भूमिका करीत राहिला. तत्कालीन वर्णभेदाच्या मर्यादा व त्यांविरुद्धचा एक आरंभीचा प्रयत्न, असे दोन्ही त्याच्या कारकीर्दीत दिसून येतात.