विश्लेषण : जीपनी थांबवायची तर ‘पारा पो’! फिलिपिन्समधील वाहनांचे शब्द कुठून आले आणि आज तिथे वाद कशावरून?

फिलिपिन्सने 8 जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवस व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून दिल्ली-मनिला थेट विमानसेवाही सुरू झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी दावाव शहरात जाणारे भारतीय विद्यार्थी आणि जहाजांवर फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत काम करणारे खलाशी यांना हा देश आधीपासूनच ओळखीचा आहे. आता त्यात पर्यटकांची भर पडते आहे. तिथे इंग्रजी बहुतेकांना कळते, त्यामुळे विमानतळावर किंवा हॉटेलात फारसे अडत नाही. अडते ते जीपनीत बसल्यावर. मागच्या बाजूने आत शिरायचे, कंडक्टर सहसा नसतो आणि ड्रायव्हर पाठमोरा. भाडे कोणाला द्यायचे? उतरायचे कसे सांगायचे?

जीपनीत काय बोलायचे?

जीपनी म्हणजे सातारा-कोल्हापूरकडच्या वडापची किंवा मराठवाड्यातल्या काळी-पिवळीची लांबलचक, रंगीबेरंगी बहीण. ठरलेला मार्ग, समोरासमोर दोन लांब बाकडी आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेले प्रवासी. भाड्याचे पैसे हातात धरून ‘बायाद पो’ म्हणजे ‘हे भाडे घ्या’ असे म्हणायचे. ड्रायव्हर लांब असेल तर शेजाऱ्याला ‘पाकिआबोत पो’, म्हणजे ‘जरा पुढे द्या’. पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे पैसे, म्हणजे ‘सुकली’, त्याच वाटेने परत येतात. मध्ये कोणी खिशात घालत नाही.

उतरताना ‘पारा पो’. ‘पारा’ म्हणजे थांबवा, हा शब्द स्पॅनिशमधून आला. ‘सा ताबी लांग पो’ म्हणजे ‘बाजूला घ्या’. यातला ‘पो’ विसरायचा नाही. त्याला स्वतंत्र अर्थ नाही, तो फक्त आदर दाखवतो. मराठीत ‘थांब’ आणि ‘थांबा’ यात जो फरक आहे, तोच तिथे ‘पो’मुळे पडतो. ड्रायव्हरला हाक मारायची तर ‘मानोंग’ किंवा ‘कुया’. आपले ‘काका’ आणि ‘दादा’ जसे, तसेच.

अनेक जीपनींमध्ये एक पाटी हमखास दिसते : ‘बार्या लांग पो सा उमागा’. अर्थ, ‘सकाळी फक्त सुट्टे पैसे द्या’. मुंबईतल्या रिक्षावाल्याला सकाळी सात वाजता पाचशेची नोट दिल्यावर तो जे बोलतो, ते इथे आदरार्थी ‘पो’ लावून लिहिलेले असते, एवढाच फरक.

एका शब्दातून किती शब्द?

तगालोग शिकताना वाहनांची यादी पाठ करण्यापेक्षा एक मूळ शब्द समजून घेणे फायद्याचे. ‘साकाय’ म्हणजे वाहनात बसणे. त्यापासून ‘सासाक्यान’ म्हणजे वाहन, ‘साकायान’ म्हणजे वाहन पकडण्याची जागा. ‘बाबा’ म्हणजे उतरणे, त्यापासून ‘बाबाआन’ म्हणजे उतरण्याची जागा.

गंमत क्रियापदांत आहे. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतो, तगालोगमध्ये तो शब्दाच्या पोटातही शिरतो. ‘साकाय’मध्ये ‘उम’ घातला की ‘सुमाकाय’ म्हणजे बसला. पहिले अक्षर दोनदा घेतले की भविष्यकाळ : ‘सासाकाय’ म्हणजे बसेल. दोन्ही एकत्र केले की ‘सुमासाकाय’ म्हणजे बसतो आहे. याच नियमाने ‘बाबा’चे भविष्यकाळी रूप ‘बाबाबा’ होते आणि प्रश्न विचारायला शेवटी ‘बा’ लागतो. त्यामुळे लिफ्टपाशी ‘बाबाबा बा?’ असे विचारले आणि उत्तर ‘बाबाबा’ असे आले, तर तो पूर्ण अर्थाचा संवाद असतो : ‘खाली जाणार का?’ ‘जाणार.’ फिलिपिनो लोक परदेशी पाहुण्यांना हा नमुना आवर्जून ऐकवतात.

रस्त्यावर ‘बावाल’ लिहिलेले दिसले तर आपला ‘बवाल’ समजू नये. ‘बावाल’ म्हणजे मनाई. ‘बावाल मागसाकाय आत मागबाबा’ म्हणजे इथे प्रवासी चढवू-उतरवू नयेत.

घोडागाडी स्पॅनिश, जीप अमेरिकी

फिलिपिन्सवर 1565 ते 1898 स्पेनची सत्ता होती. त्यामुळे जुन्या वाहनांची नावे स्पॅनिश आहेत, फक्त तगालोगने ती आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिली. घोडागाडी ‘कालेसा’, ती हाकणारा ‘कुचेरो’, मोटार ‘कोचे’, आगगाडी ‘त्रेन’, जहाज ‘बार्को’, विमान ‘एरोप्लानो’. तगालोगमध्ये मुळात ‘फ’ नाही, म्हणून ट्रॅफिकचे ‘त्रापिक’ झाले. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेल्या साबण आणि बालदीची भावंडेही तिथे सापडतात : ‘साबोन’ आणि ‘बाल्दे’.

विमानासाठी ‘सालिपावपाव’ असा देशी शब्दही घडवण्यात आला, पण तो बोलण्यात रुळला नाही. मराठीत सिग्नलसाठी ‘अग्निरथ गमनागमन…’ म्हणून हसतात, तीच गत.

अमेरिकेची सत्ता 1898 मध्ये आली. 1945 मध्ये मनिलाच्या लढाईत शहर उद्ध्वस्त झाले आणि तिथली ट्रामही संपली. अमेरिकी सैन्याने मात्र शेकडो जीपगाड्या मागे ठेवल्या. स्थानिक कारागिरांनी त्यांची मागची बाजू लांबवली, छप्पर चढवले, बाकडी बसवली. लष्करी जीपची ‘जीपनी’ झाली ती अशी. घोडागाडी हाकण्याचा अनुभव असलेल्या लिओनार्दो साराओ यांनी 1953 मध्ये लास पिन्यास इथे सुरू केलेली साराओ मोटर्स ही जीपनी बनवणारी सर्वात प्रसिद्ध कंपनी ठरली. पुढे बॉनेटखाली वापरलेली जपानी डिझेल इंजिने आली. एका गाडीत देशाचा निम्मा इतिहास बसतो, तोही अक्षरशः.

आपल्याकडे 2000 मध्ये आलेली क्वालिस आठवत असेल, तर मनिलातली ‘एफएक्स’ही ओळखीची वाटेल. शेअर टॅक्सी म्हणून धावलेली टोयोटाची तामाराव एफएक्स ही त्याच घराण्यातली गाडी. कंपनीचे नाव मागे पडले आणि ‘एफएक्स’ हाच शेअर टॅक्सीचा शब्द झाला.

रस्त्यावर घडलेले शब्द

सगळेच उसने नाही. पायाने रेटायची सायकलरिक्षा म्हणजे ‘पाज्याक’, हा शब्द पाय मारण्यावरूनच आला. इंजिन बसवलेली अशीच गाडी ‘कुलिगलिग’, म्हणजे किर्र आवाज करणारा किडा. आवाज एकदा ऐकला की नावाचे कारण विचारावे लागत नाही. डबलसीट बसणे म्हणजे ‘आंगकास’, आणि याच नावाची बाइक टॅक्सी सेवा तिथे चालते. सर्वात जुना शब्द बहुधा नावेचा : दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेली ‘बांग्का’. जुन्या लाकडी ‘बालांगाय’ नावेवरून तर ‘बारांगाय’ हा शब्द आला, जो आज तिथल्या सर्वात लहान प्रशासकीय घटकाचे, आपल्या ग्रामपंचायत किंवा वॉर्डासारख्या घटकाचे नाव आहे.

‘तिगिल-पासादा’ का होतो?

बातम्या समजून घ्यायच्या तर हा शब्द हवाच. ‘पासादा’ म्हणजे मार्गावरची फेरी, ‘तिगिल’ म्हणजे थांबणे. म्हणजेच जीपनीचालकांचा बंद.

सरकारने 2017 मध्ये सार्वजनिक वाहनांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम आणला. 15 वर्षांहून जुन्या जीपनी हटवून कमी प्रदूषण करणारी किंवा विजेवरची वाहने आणायची, त्यांत जीपीएस, कॅमेरे आणि कार्डाने भाडे घेणारी यंत्रणा बसवायची. जुन्या इंजिनांचा धूर पाहता हेतूवर आक्षेप घेणे कठीण. अडचण पैशांची आहे. नव्या वाहनाची किंमत 20 लाख पेसोंहून अधिक, म्हणजे साधारण 30 लाख रुपये. जीपनीचे किमान भाडे ऑक्टोबर 2023 मध्ये वाढून झाले 13 पेसो. त्यातून डिझेल भरायचे आणि गाडी स्वतःची नसेल तर मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायची, जिला तिथे ‘बाउंडरी’ म्हणतात. उरेल ती कमाई.

शिवाय एकट्या मालकाने आपला परवाना, म्हणजे ‘प्रांगकिसा’, सोडून सहकारी संस्थेत किंवा कंपनीत सामील व्हावे अशी अट होती. त्याची 31 डिसेंबर 2023 ची मुदत नंतर 30 एप्रिल 2024 पर्यंत वाढवण्यात आली. मार्च 2023 मध्ये आठवडाभराचा बंद पुकारला गेला आणि दोन दिवसांत मागे घेतला गेला. त्यानंतरही बंद होत राहिले. परवाना ही या कुटुंबांची आयुष्यभराची मिळकत असल्याने ती सामायिक करायला विरोध झाला. अनेक जीपनींवर ‘कातास नांग सौदी’ असे लिहिलेले असते, म्हणजे ‘सौदीच्या घामाचे फळ’. आखातात राबून घेतलेली ही गाडी भंगारात काढा असे सांगणे सोपे नाही. आपल्या रिक्षामागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहिणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नव्या वाहनांत दार बाजूला असते, काहींत आसने पुढे तोंड करून आणि भाडे कार्डाने घेण्याची सोय. अशा वाहनांत ‘पाकिआबोत पो’ म्हणण्याची वेळ कमीच येते.

दावावला जाणाऱ्यांसाठी वेगळे काय?

तगालोग ही राष्ट्रभाषा ‘फिलिपिनो’चा आधार असली, तरी दावाव आणि सेबू भागात लोक घरी सेबुआनो बोलतात. तिथे ‘पारा’ समजेल, पण जीपनीत जास्त ऐकू येईल ते ‘लुगार लांग’, म्हणजे ‘इथे जागेवर थांबवा’. बाइक टॅक्सीला तिथे ‘हाबाल-हाबाल’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ जनावरांच्या समागमाशी जोडलेला आहे. एका बाइकवर तीन-चार जण चिकटून बसलेले पाहून कोणीतरी खोडसाळपणे ठेवलेले हे नाव आता सगळेच बिनदिक्कत वापरतात.