फोल्डिंग सायकल घेण्याआधी

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकच महानगरपालिका १९९८ मध्ये झाली असली, तरी सांगलीत राहून मिरजेत नोकरी करणारे आणि मिरजेहून विश्रामबागेतल्या महाविद्यालयांत शिकायला येणारे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. कृष्णाकाठच्या या सपाट प्रदेशात सायकलीला चढ असा लागतच नाही. साताऱ्याची गोष्ट वेगळी आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेल्या या शहरात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येणे सोपे असते आणि परत जाताना मात्र पोटऱ्या भरून येतात. या दोन्ही ठिकाणी अलीकडे फोल्डिंग सायकलीची, म्हणजे मधोमध दुमडून हातात उचलून नेता येणाऱ्या सायकलीची, चौकशी होऊ लागली आहे; परंतु बेताच्या किमतीत ती घेताना काय पाहावे आणि मुळात ती घ्यावी का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे बरे. दुमडण्याच्या सोयीचे पैसे मोजावे लागतात आणि वजनही वाहावे लागते. चौकटीत बिजागरी, तिची कडी, दुमडणारा हँडलचा दांडा आणि लांब सीटपोस्ट आले, की त्याच किमतीच्या साध्या सायकलीपेक्षा बाकीचे भाग हलक्या प्रतीचे वापरावे लागतात. त्यामुळे जो घरून निघून थेट कचेरीत पोचतो आणि ज्याच्याकडे सायकल लावायला सुरक्षित जागा आहे, त्याला सांगली-मिरज रस्त्यावर साधी सायकलच अधिक उपयोगी ठरते. फोल्डिंग सायकल खऱ्या अर्थाने कामाला येते ती वाटेत रेल्वे किंवा एस.टी. असेल तेव्हा, किंवा घर वरच्या मजल्यावर असून खाली जागा नसेल तेव्हा.

रेल्वेचा विचार इथे विशेष करावा लागतो, कारण पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली आणि मिरज ही सारी ठिकाणे आहेत. (यांपैकी किर्लोस्करवाडी १९१० मध्ये ज्यांनी वसवली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून झाली होती.) साताऱ्याचे स्थानक शहरात नसून माहुलीच्या बाजूला, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळच्या सखल भागात आहे, म्हणजे सकाळी गाडी गाठताना उतार आणि संध्याकाळी दमून परतताना चढ, असा हा व्यवहार आहे. साधी सायकल रेल्वेत सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते. डब्यात सोबत नेता येणाऱ्या ट्रंक-पेट्यांसाठी रेल्वेने घातलेली मर्यादा १०० × ६० × २५ सेंटीमीटरची आहे, आणि २० इंची चाकांची बहुतेक स्वस्त सायकल दुमडल्यावर साधारण ८० × ६५ × ३५ सेंटीमीटरची होते; कागदोपत्री ती या मापात बसत नाही. तेव्हा तिच्यावर कापडी खोळ चढवणे, गर्दीची गाडी टाळणे आणि तपासनिसाने हटकलेच तर सामानाचे शुल्क भरण्याची तयारी ठेवणे इष्ट.

लहान चाकांमुळे पाय दुप्पट मारावे लागतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एका पायडलफेऱ्यात सायकल किती पुढे जाते, हे चाकाच्या परिघावर आणि पुढच्या व मागच्या दातेरी चक्रांच्या गुणोत्तरावर ठरते. २० इंची चाकाचा परीघ सुमारे दीड मीटर असतो. पुढे ५२ दात आणि मागे १४ दात असले, तर एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरांहून थोडी अधिक जाते, म्हणजे सपाटीवर कशालाही कमी नाही. मागे २८ दातांचे चक्र निवडले तर हेच अंतर निम्म्यावर येते, आणि साताऱ्याच्या चढाला लागते ते हेच. सांगलीत एका गिअरवर निभावते. साताऱ्यात मागे सहा-सात गिअर असावेत आणि सर्वांत मोठे चक्र २८ दातांचे किंवा त्याहून मोठे असावे. लहान चाकाचा खरा दोष खड्ड्यात कळतो, कारण ते खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि त्याचा हादरा थेट बिजागरीवर येतो. म्हणून टायर पावणेदोन इंचाच्या आसपास रुंद असलेले बरे.

टायरच्या मापाबाबत मात्र बेसावध राहू नये. वीस इंच या एकाच नावाखाली दोन वेगळी मापे विकली जातात. रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास एकात ४०६ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ४५१ मिलिमीटर असतो, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. ४०६ हे मुलांच्या बीएमएक्स सायकलींचे माप असल्याने त्याची टायर-ट्यूब जिल्ह्याच्या गावीच नव्हे, तर तालुक्याच्या दुकानातही मिळण्याची शक्यता अधिक. हा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असेल, तर पेट्रोलपंपावर हवा भरता येते. लंडनमध्ये बनणाऱ्या ब्रॉम्प्टनची घडी फार नेटकी होते, परंतु तिची किंमत लाखाच्या पुढे जाते आणि तिचे १६ इंची टायर आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. बेताच्या खर्चाच्या विचारात ती बसत नाही.

दुकानात सायकल चालवण्याआधी पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडल मागेपुढे हलवून पाहावे. खटखट जाणवली तर हँडलच्या दांड्याचा सांधा सैल आहे. बिजागरीच्या मुख्य कडीला चुकून उघडू नये म्हणून दुसरी खिट्टी असलीच पाहिजे. सीट आपल्या उंचीला वर घेतल्यावर सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण नळीच्या आतच राहते का, हेही पाहावे. शेवटी सायकल दुमडून एक जिना चढून जावे: बारा आणि सोळा किलोंतला फरक माहितीपत्रकात कळत नाही.

वापरलेली सायकल घेतल्यास बरेच पैसे वाचतात. मात्र सांगलीच्या पुराच्या पाण्यात बुडालेली सायकल बाहेरून पुसून चकचकीत करता येते, म्हणून सीटपोस्ट बाहेर काढून नळीत आतून गंज आहे का ते बघावे. बिजागरीजवळच्या रंगाला केसाएवढी भेग किंवा नंतर केलेले वेल्डिंग दिसले, तर सायकल कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये.