पाणथळाची शाळा

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. तेव्हापासून या जलाशयाचा हिशेब मुख्यतः दोनच रकान्यांत मांडला जातो : सिंचन आणि वीज. हे आकडे महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन, काठचे लव्हाळे, हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक आणि या साऱ्यांभोवती वाढलेली माणसांची बोली यांना त्यात रकाना नाही. जे मोजले जात नाही त्याची किंमत शून्य धरण्याची सवय आपल्या नियोजनाला जडली आहे.

कायद्याचीही तीच गत. पाणथळ जागांसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय आणि नदीपात्रे कक्षेबाहेर ठेवली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले. परंतु राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरल्याने त्याला संरक्षण लाभले. येलदरीला तो आधार नाही. अशा जागेचे रक्षण अखेर तिच्याशी नाते असलेला समाजच करू शकतो, आणि असे नाते बालपणीच जडते.

त्यासाठी लागणारे भांडवल परभणी जिल्ह्यापाशी आहे. गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्यांत या जिल्ह्यातील स्त्रियांचाही आवाज आहे. संबळ वाजवणारे गोंधळी, पोळ्याचे मातीचे बैल घडवणारे कुंभार, जाळी विणणारे भोई हे सारे कलावंतच होत. मात्र जाते थांबले तशी ओवी थांबली. गाळाची माती आणि मासे गेले, तर कुंभार व भोई यांची विद्याही जाईल.

यास्तव शाळांनी महिन्यातून एक दिवस मुलांना या कलावंतांसह पाणथळावर न्यावे. मुलांनी चिखलात हात घालून बैल घडवावेत, भोयाकडून माशांची नावे शिकावीत, आजीकडून ओव्या उतरवून घ्याव्यात आणि हे सारे संबळाच्या साथीने गावापुढे मांडावे. २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाची प्रभातफेरी काढून हे साधणार नाही. परिसर अभ्यास हा विषय अभ्यासक्रमात आहेच. परिसर मात्र वर्गाबाहेर राहिला आहे.

कलावंताला यासाठी मानधन द्यावे, आणि ते उपकार म्हणून नव्हे, तर शिक्षकाचे वेतन म्हणून. हा खर्च अल्प आहे. एकदा लोपलेली विद्या मात्र कोणत्याही अंदाजपत्रकातून परत विकत घेता येत नाही.