बाल अतिदक्षता विभागांतील प्रतिजैवरोधी सूक्ष्मजंतू

प्रतिजैव पदार्थांच्या नेहमीच्या मात्रेस न जुमानता वाढू शकणाऱ्या सूक्ष्मजंतूंना प्रतिजैवरोधी सूक्ष्मजंतू म्हणतात. अत्यवस्थ बालके व नवजात अर्भके यांच्यासाठी असलेल्या रुग्णालयीन कक्षांत ते विशेषेकरून आढळतात. मूळ आजारातून बचावू शकणारे मूल रुग्णालयातच जडलेल्या जंतुसंक्रामणाने दगावण्याचा धोका त्यांमुळे उद्‌भवतो. म्हणून बालवैद्यकात या विषयास फार महत्त्व आले आहे.

इतिहास : अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनाचा शोध लावला. ते औषध सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच, १९४० मध्ये, एडवर्ड एब्राहॅम व अर्न्स्ट चेन यांना पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम सूक्ष्मजंतूंत आढळले. अपुऱ्या मात्रेने सूक्ष्मजंतू प्रतिरोधी बनतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता. महाराष्ट्रात पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले आणि हे महागडे औषध सामान्यांच्या आवाक्यात आले. पुढे प्रतिजैव पदार्थ विपुल झाले, तसा त्यांचा अनावश्यक वापरही वाढत गेला. भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ मध्ये एनडीएम-१ हे एंझाइम निर्माण करणारे सूक्ष्मजंतू सापडले. राखीव मानल्या गेलेल्या कार्बापेनेम गटातील औषधांचाही हे एंझाइम नाश करते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, कार्बापेनेमरोधी अशा २४ जंतुवाणांपैकी २२ वाणांत ते आढळले.

प्रतिरोधाचे स्वरूप : सूक्ष्मजंतू मुख्यत्वे चार प्रकारे औषधास निष्प्रभ करतात : (१) एंझाइमांच्या साहाय्याने औषधाचे रेणू मोडणे, (२) कोशिकेत शिरलेले औषध बाहेर फेकणे, (३) औषधाचा प्रवेशमार्ग अरुंद वा बंद करणे आणि (४) औषध ज्या घटकावर आघात करते त्या घटकाचीच रचना बदलणे. यासंबंधीची जीने पुष्कळदा प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनए रेणूवर असतात. प्लाझ्मिड एका सूक्ष्मजंतूकडून दुसऱ्याकडे, कधी तर भिन्न जातीच्या सूक्ष्मजंतूकडेही जाऊ शकते. त्यामुळे एका रुग्णाच्या आतड्यात निर्माण झालेला प्रतिरोध तेथेच मर्यादित राहत नाही. प्रतिजैव पदार्थ प्रतिरोध नव्याने घडवीत नाहीत. संवेदनशील सूक्ष्मजंतू मारून ते प्रतिरोधी सूक्ष्मजंतूंना मोकळे रान करून देतात.

बालकांस अधिक धोका असण्याची कारणे : मातेच्या रक्तातील संरक्षक प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे मुख्यत्वे गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत जातात, अकाली जन्मलेले अर्भक त्यांस बव्हंशी मुकलेले असते. त्याची त्वचा पातळ व सहज इजा होणारी असते. श्वासनालातील नळी, नीलेतील वा नाळेतील नलिका व मूत्रमार्गातील नळी ही उपचाराची साधनेच सूक्ष्मजंतूंना शरीरात शिरण्याचे मार्ग ठरतात. अर्भकास स्तनपान देता न आल्यास मातेच्या दुधातील संरक्षक द्रव्येही त्यास मिळत नाहीत.

या कक्षांत क्लेब्सिएल्ला न्यूमोनिई, ॲसिनेटोबॅक्टर बौमानी, एश्चेरिकिया कोलाय, स्यूडोमोनस एरुजिनोजा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे सूक्ष्मजंतू प्रामुख्याने आढळतात. यांपैकी ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी काही आठवडेही, जिवंत राहतो. तथापि प्रसाराचे सर्वांत मोठे साधन म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांचे हात होत.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात अर्भकांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ॲसिनेटोबॅक्टर (सु. २२%), क्लेब्सिएल्ला (सु. १७%) व एश्चेरिकिया कोलाय (सु. १४%) हे प्रमुख जंतू ठरले. ॲसिनेटोबॅक्टराचे सु. ८२% व क्लेब्सिएल्लाचे सु. ५४% वाण अनेक औषधांना प्रतिरोधी होते. सु. दोनतृतीयांश रुग्णांत जंतुसंक्रामण जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच दिसून आले. यावरून प्रसूतिगृहातील स्वच्छताही अतिदक्षता कक्षातील स्वच्छतेइतकीच निर्णायक असल्याचे दिसते.

निदान व उपचार : नवजात अर्भकात लक्षणे अस्पष्ट असतात. दूध न ओढणे, अंग गार पडणे, मलूलपणा, मधूनमधून श्वास थांबणे एवढ्यावरूनच शंका घ्यावी लागते. रक्ताचे संवर्धन व औषध-संवेदनशीलता परीक्षण यांचा निष्कर्ष हाती येण्यास सामान्यतः दोन ते तीन दिवस लागतात. तोवर थांबल्यास अर्भक दगावू शकते. म्हणून वैद्यास अंदाजाने औषध सुरू करावे लागते. कक्षातील सूक्ष्मजंतू प्रतिरोधी असतील, तर हे औषध अधिकाधिक प्रबळ निवडावे लागते आणि त्या वापरातूनच उरलेल्या औषधांविरुद्धचा प्रतिरोध बळावतो. हे दुष्टचक्र हाच या समस्येचा गाभा होय.

बालकांत औषधनिवडीस आणखी मर्यादा पडतात. टेट्रासायक्लिनांमुळे वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात. क्लोरँफिनिकॉल नवजात अर्भकास घातक ठरू शकते. कोलिस्टिनामुळे मूत्रपिंडांस इजा होण्याचा धोका असतो. नव्या औषधांच्या चाचण्या प्रथम प्रौढांवर होत असल्याने अर्भकासाठीची योग्य मात्रा पुष्कळदा उशिरा निश्चित होते.

नासिक परिसर : नासिक येथील जिल्हा रुग्णालयात शहराबरोबरच सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर यांसारख्या डोंगराळ व आदिवासी तालुक्यांतूनही अर्भके आणली जातात. त्यांपैकी अनेक अर्भके कमी वजनाची असतात आणि लांबच्या प्रवासात त्यांचे अंग गारठलेले असते. ऑगस्ट २०१७ मध्ये या रुग्णालयाच्या नवजात कक्षात ५५ अर्भके दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अकाली जन्म, श्वसनसंस्थेची दुर्बलता व अखेरच्या अवस्थेत दाखल होणे, ही कारणे रुग्णालयातर्फे सांगण्यात आली. प्रतिरोधी सूक्ष्मजंतू हे कारण त्यांत नव्हते; तथापि इन्क्युबेटरांपेक्षा अर्भकांची संख्या अधिक असल्यामुळे एकात एकाहून अधिक अर्भके ठेवावी लागत असल्याचे त्या वेळी निदर्शनास आले. अशी दाटी हीच सूक्ष्मजंतूंच्या प्रसारास सर्वाधिक अनुकूल स्थिती होय. एका परिचारिकेकडे अनेक अर्भके असली की, दोन अर्भकांच्या मध्ये हात धुण्यास लागणारा अर्धा मिनिटही दुर्मिळ होतो.

याउलट उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आढळते. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ खेड्यांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांमार्फत अर्भकांची घरीच शुश्रूषा केली. जंतुसंक्रामणावर जेंटामायसिन व कोट्रायमोक्साझोल ही साधी, स्वस्त औषधे वापरण्यात आली. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार नवजात मृत्युमान तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सु. ६२% घटले. असे यश टिकण्यास साध्या औषधांची परिणामकारकता टिकणे आवश्यक असते. रुग्णालयांतील प्रतिरोधी वाण रुग्णांबरोबर गावी पोहोचल्यास तीच धोक्यात येते.

प्रतिबंध : व्हिएन्ना येथे इग्नाझ झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये वैद्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावून सूतिकाज्वराचे मृत्यू घटवले. हस्तस्वच्छता हाच आजही प्रतिबंधाचा मुख्य आधार आहे. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्क आल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यानंतर हात स्वच्छ करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविले. नलिका गरज संपताच काढणे, दोन खाटांत पुरेसे अंतर ठेवणे, प्रतिरोधी जंतू आढळलेल्या रुग्णास वेगळे ठेवणे, मातेचे दूध देणे व अर्भकास मातेच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे हे उपायही उपयुक्त ठरतात. संवर्धनात जंतू न आढळल्यास व प्रकृती ठीक असल्यास औषध वेळीच थांबविणे, हे ते सुरू करण्याइतकेच महत्त्वाचे असते.

भारतात १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैव पदार्थ ‘एच-१’ अनुसूचीखाली आले. त्यांच्या विक्रीस वैद्याची चिठ्ठी आवश्यक असून विक्रेत्याने त्यांची नोंद तीन वर्षे जपावयाची असते. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर झाली आणि २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत कोलिस्टिनाचा वापर करण्यास बंदी घालण्यात आली. जगात २०१९ या एका वर्षात प्रतिजैवरोधी सूक्ष्मजंतूंमुळे प्रत्यक्ष १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज असून त्यांतील सु. एकपंचमांश मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे होते. नव्या औषधांचा शोध मंदावलेला असल्याने, उपलब्ध औषधे जपून वापरणे आणि कक्षांतील दाटी कमी करून पुरेशा परिचारिका नेमणे, हेच सध्या हाती असलेले खात्रीचे उपाय होत.