मोतीबिंदू गेला, काचबिंदूवर नजर ठेवा

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हटलं की आजी-आजोबा आठवतात. सकाळी दवाखान्यात जायचं, संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी यायचं, महिनाभर थेंब घालायचे, विषय संपला. दोन महिन्यांच्या बाळालाही घरची माणसं हाच हिशेब लावतात आणि तिथेच फसतात.

जन्मजात मोतीबिंदूत थांबायला वेळ नसतो. डोळ्यात स्वच्छ प्रतिमा उमटली नाही, तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. म्हणून एका डोळ्यात मोतीबिंदू असल्यास साधारण 4 ते 6 आणि दोन्ही डोळ्यांत असल्यास 6 ते 8 आठवड्यांच्या वयात ऑपरेशन करतात. त्याहून घाई केली, तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. उशीर केला, तर नजर जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

काचबिंदूचा हा धोका किती? अमेरिकेतल्या ‘इन्फंट अफेकिया ट्रीटमेंट स्टडी’त एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांचं ऑपरेशन 1 ते 6 महिन्यांच्या वयात झालं. निम्म्यांना कृत्रिम भिंग बसवलं, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. वर्षभरानंतर काचबिंदूचा धोका 9 टक्के होता, 5 वर्षांनी 17 आणि 10 वर्षांनी 22 टक्के. नुसता संशय असलेली मुलं धरली, तर हा आकडा 40 टक्क्यांवर गेला. कृत्रिम भिंगाने काचबिंदू टळेल, ही आशाही फोल ठरली.

हा काचबिंदू होतो कसा? डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून वाहून जातो. तान्ह्या बाळात ही जाळी अजून घडत असते. ऑपरेशननंतरची सूज, भिंग काढल्यामुळे डोळ्यात होणारे बदल, स्टिरॉइडचे थेंब यांपैकी नेमकं काय बाधतं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. निचरा मात्र मंदावतो, दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस सुकू लागते. हाच काचबिंदू. मुळात बुबुळ लहान असलेल्या बाळांना धोका अधिक.

तान्ह्या बाळाचा डोळा दाबाने ताणला जातो. तो मोठा दिसतो, बुबुळ धुरकट होतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही. वयाच्या साधारण तीन वर्षांनंतर डोळा असा ताणला जात नाही, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. एक खूण तर आईवडिलांना चकवणारीच असते. भिंग काढल्यावर लागलेला चष्म्याचा ‘प्लस’ नंबर भराभर उतरतो आणि घरात आनंद होतो. वाढत्या वयात नंबर थोडा उतरणारच. पण तो फार वेगाने उतरत असेल, तर दाबामुळे डोळा लांबत असण्याची शक्यता असते.

रडणाऱ्या, डोळे मिटून घेणाऱ्या बाळाचा दाब मोजणं अवघड. त्यामुळे कधी भूल देऊन तपासावं लागतं. उपचाराची सुरुवात बहुधा थेंबांनी होते. मोठ्यांचे थेंब मात्र मुलांना परस्पर घालू नयेत. त्यांतल्या ब्रिमोनिडिन या औषधाने दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वासही मंदावू शकतो. थेंब पुरले नाहीत, तर शस्त्रक्रिया करतात किंवा निचऱ्यासाठी बारीक नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबची अशी नळी आयात नळीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याच्या तपासणीत जन्मजात मोतीबिंदूचाही समावेश आहे. मोतीबिंदू सापडला, ऑपरेशन झालं, तरी फाइल बंद करू नका. दर भेटीत डोळ्याचा दाब, नंबर आणि नसेची स्थिती लिहून घ्या. गाव बदललं, शाळा बदलली, मूल कॉलेजात गेलं, तरी ही तपासणी चुकवू नका. ती आयुष्यभराची आहे.