स्क्रीन काळी, पण पंखा चालू!

सबमिशनच्या तोंडावरच पीसी का बोंबलतो, यावर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी!

आमच्या रूमवर पास आऊट झालेल्या सीनियरकडून घेतलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, जी-३१ चिपसेटचा बोर्ड, १-१ जीबीच्या दोन डीडीआर-२ रॅम. वयाने आमच्यापेक्षा थोडाच लहान. मागच्या सेमिस्टरला एका शुक्रवारी रात्री तो चालू केला, तर पंखे फिरतायत, दिवा लागलाय आणि स्क्रीन काळी ठिक्कर. माझ्या रूम पार्टनरच्या प्रोजेक्टचा अख्खा रिपोर्ट आणि कोड त्यातच. सोमवारी सबमिशन. बॅकअप? नाही. (शिव्या घालू नका, आमच्या घालून झाल्यात.)

शनिवारी सकाळी सीपीयू रिक्षात टाकून दुकानात नेला. दुकानदाराने साइड पॅनेल न उघडताच निकाल दिला, "बोर्ड गेला. जुना आहे, फेकून द्या." नव्याची किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने परत आलो.

तर मित्रांनो, पहिली गोष्ट म्हणजे डिस्प्ले गेला तरी डेटा गेलेला नसतो. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइली मिळतात. पण आमच्या विंगमध्ये सगळे लॅपटॉपवाले, आणि ज्याच्याकडे कन्व्हर्टर केबल होती तो नेमका गावी!

मग सुरू झाली चौकशी. मॉनिटर चालू ठेवून व्हीजीए केबल काढली, तर "नो सिग्नल" अशी पाटी आली. म्हणजे मॉनिटर ठीक. नंतर कीबोर्डचं नम लॉक दाबून पाहिलं. दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू असतं, फक्त चित्र येत नाही. मग केबल किंवा ग्राफिक्स कार्ड बघायचं. आमचा दिवा ढिम्म.

आता थोडी थिअरी. बटण दाबल्यावर विंडोजच्या कितीतरी आधी बायोस एकेका भागाची तपासणी करतो. त्यात रॅमचा नंबर डिस्प्लेच्या आधी लागतो. रॅमच मिळाली नाही तर स्क्रीनवर तक्रार लिहायची सोयच नाही, म्हणून बायोस बीप वाजवतो. आमच्या कॅबिनेटला स्पीकरच नव्हता! इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या काकांना विचारून भंगारातल्या सीपीयूचा छोटा स्पीकर आणला आणि बोर्डवरच्या चार पिनांना लावला.

त्यानंतर केलेली टेस्ट मला सगळ्यात आवडते. मेन केबल काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि दोन्ही रॅम काढून टाकल्या. केबल लावून चालू केलं. पीं... पीं... पीं... लांब बीप थांबेचनात. आम्ही दोघं नाचलो! कारण बीप वाजवायला एसएमपीएस, प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत असावे लागतात. "गेलेला" बोर्ड बोंबलून सांगत होता, की रॅम द्या! (आमचा अवॉर्ड बायोस, दुसऱ्या कंपन्यांच्या बीप वेगळ्या असतात.)

चिडीचूप शांतता असती तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर आधी पाहिला असता. तो सैल असेल तरी पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. तिथलेच उभे कपॅसिटर वरून फुगलेत का, तेही बघावं. डोकं सपाट हवं. एसएमपीएस मात्र उघडू नका, बरं का. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि केबल काढल्यावरही ते काही वेळ टिकतं.

असो. रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबराने हलकेच घासले, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली आणि एकेक रॅम लावून पाहिली. पहिली दोन्ही स्लॉटमध्ये बोंबललीच. दुसरी लावली, एकच छोटी बीप आली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: "सीमॉस चेकसम एरर". ती बोर्डवरच्या ३ व्होल्टच्या सेलची रड. सेल बदलला, एफ-१ दाबलं, विंडोज आलं.

सगळ्यात आधी रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतला, मग मेलवर टाकला. पीसी आता १ जीबीवर रखडत चालतो. रिपोर्ट सोमवारी वेळेत गेला. गाइड सरांनी मार्जिन चुकलं म्हणून परत पाठवला, ती गोष्ट वेगळी!